लम्पीची बातमी कशी वाचावी?

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग आढळला आणि महिनाभरात शेजारच्या छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) जिल्ह्यासह राज्यभर त्याची धास्ती पसरली. जनावरांचे बाजार बंद झाले, जिल्हा पानांवर बाधितांचे आकडे येऊ लागले.

असे आकडे वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. ताप आणि अंगावर गाठी दिसलेले जनावर ‘संशयित’ असते. खात्रीचे निदान प्रयोगशाळेत होते. ‘एकूण बाधितां’मध्ये बरी झालेली जनावरेही धरलेली असतात, त्यामुळे तो आकडा कधी उतरत नाही. मृत्यूंची संख्या बाधितांच्या आणि एकूण पशुधनाच्या तुलनेत दिली नसेल, तर साथीची तीव्रता कळत नाही.

‘थैमान’सारखे मथळे भीती वाढवतात. लम्पीचा विषाणू माणसाला बाधत नाही. तरी दुधाविषयी अफवा पसरल्या आणि पशुसंवर्धन विभागाला खुलासा करावा लागला. बर्ड फ्लू मात्र क्वचित माणसालाही होतो, म्हणून दोन्ही साथींच्या बातम्या एकाच सुरात देणे चुकीचे.

रोग माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो. आजारी जनावर वेगळे बांधावे, गोठा फवारावा, निरोगी जनावरांना लस टोचून घ्यावी, एवढे सांगणारी चौकट पशुपालकाच्या खऱ्या उपयोगाची.