भिंतीआडच्या तारांचा बंदोबस्त

तालुक्याच्या गावी एखाद्या पतसंस्थेची दुमजली कचेरी उभी राहू लागली, म्हणजे फरशी कोणती बसवावी आणि दर्शनी भागास कोणता रंग द्यावा याविषयी संचालक मंडळात जेवढा खल होतो, तेवढा ज्यांवरून संस्थेचा सारा जमाखर्च धावावयाचा त्या संगणकांच्या तारांविषयी सहसा होत नाही. मग गिलावा वाळल्यावर त्या बिचाऱ्या तारा खिडकीतून, दाराच्या फटीतून आणि पंख्याच्या वायरीस बिलगून आपली वाट शोधतात. संगणक काही वर्षांनी मोडीत निघतो, संगणकांना एकमेकांशी जोडणारा स्विचही बदलतो. भिंतीत गेलेली तार मात्र इमारतीच्या आयुष्याची भागीदार असते, आणि म्हणून तिची तजवीज विटा रचल्या जात असतानाच झाली पाहिजे.

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटचा पाया घातला, तेव्हा सारे संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत व ती कोठेही तुटली की सर्वांचेच काम खोळंबे. १९९० साली पीळ दिलेल्या तारांचे प्रमाण मान्य झाल्यानंतर प्रत्येक मेजापासून मध्यवर्ती स्थानापर्यंत स्वतंत्र तार नेण्याची पद्धत रूढ झाली, आणि एका तारेचा दोष एका मेजापुरता राहू लागला.

मेजापर्यंत येणाऱ्या या पिळाच्या केबलच्या आत आठ तारांच्या चार जोड्या असतात. दोन तारांना परस्परांभोवती पीळ दिला, की बाहेरून येणारा विद्युत्-उपद्रव दोहोंवर जवळजवळ सारखाच पडतो. आणि ग्राहक यंत्र केवळ दोहोंतील फरक वाचीत असल्यामुळे तो आपोआप वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ सालीच टेलिफोनसाठी पेटंट करून ठेवली होती. प्रत्येक जोडीचा पीळ कमीअधिक घट्ट ठेवण्याचे कारणही, शेजारच्या जोडीतील संदेश आपल्या जोडीत उतरू नये, हेच होय. म्हणून टोकाला जॅक बसविताना अर्ध्या इंचाहून अधिक पीळ सोडू नये.

तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर मुक्रर आहे. त्यांपैकी ९० मीटर भिंतीतील तारेसाठी आणि उरलेले १० दोन्ही टोकांच्या सुट्या जोडतारांसाठी धरावे लागतात. हे अंतर नकाशावरील सरळ रेषेने न मोजता भिंत चढून, छतावरून वळून, पुन्हा मेजापर्यंत उतरणाऱ्या प्रत्यक्ष वाटेने मोजावे, आणि साऱ्या तारा जेथे एकत्र येतात त्या रॅकची जागा शक्य तो इमारतीच्या मध्यभागी, कोरडी व हवेशीर ठेवावी. विजेच्या तारांसाठी पाइप निराळा असावा, व त्यांना ओलांडणे अपरिहार्य झाल्यास काटकोनात ओलांडावे. पाइप निम्म्याहून कमीच भरावा, म्हणजे उद्याच्या तारेस वाट राहते. प्रत्येक मेजाला एकाऐवजी दोन केबली ओढून ठेवणे हेही त्याच दूरदृष्टीचे काम. आवारातील दुसऱ्या इमारतीकडे जाताना मात्र काचतंतूची केबल घालावी, कारण प्रकाशवाहक तंतूमधून आकाशातील विजेचा आघात यंत्रांपर्यंत पोहोचत नाही.

काटकसरीची खरी परीक्षा खरेदीच्या वेळी होते. बाजारात तांब्याचा केवळ मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. परंतु तिचा विद्युत्-रोध अधिक, ती मोडते लवकर, आणि कॅमेऱ्यांना याच केबलमधून वीज पुरवावयाची असेल तर ती तापतेही अधिक. भिंत फोडून ती बदलण्याची मजुरी जमेस धरली, तर तो स्वस्तपणा संस्थेस महागच पडावयाचा.

काम संपताच प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक लावून घ्यावा, यंत्राने तिची चाचणी करवावी, आणि वाटांचा नकाशा दफ्तरी दाखल करावा. हा नकाशा हाती पडल्याखेरीज कंत्राटदाराचे अखेरचे बिल मंजूर करू नये, एवढा एक ठराव प्रत्येक संस्थेने आजच करून ठेवावा.