घर आपले, किल्ली परक्याची

भाचा अमेरिकेहून आला तो २००७ च्या दिवाळीत. बदामाच्या पुड्यांबरोबर त्याने बॅगेतून आयफोन काढला आणि घरची मंडळी भोवती जमली. पण फोन तिकडच्या एटी अँड टी कंपनीला जखडलेला. आपले सिमकार्ड चालेना, आणि ॲपलने दिलेल्यापलीकडे एखादा प्रोग्रॅम घालावा तर तीही सोय नाही. ‘‘मामा, आधी जेलब्रेक करावा लागेल,’’ तो म्हणाला. पैसे मोजून घेतलेली वस्तू तुरुंगात कशी, हे मला काही उमगेना.

आयफोन सुरू होताना चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला छोटा प्रोग्रॅम पुढच्या प्रोग्रॅमची सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची. या पहारेकऱ्यांपैकी कोणाला चकवायचे, यावर पद्धत ठरते.

भाच्याने निवडली ती सर्वांत सोपी. ‘जेलब्रेकमी’ हे इंटरनेटवरचे पान फोनवरच उघडायचे; चित्राच्या फाइलमधील दोषातून कुलूप निघे. २०१० आणि २०११ मध्ये निकोलस अलेग्रा या अमेरिकन तरुणाने हेच पीडीएफमधील दोषातून साधले. मला विचाराल तर हीच पद्धत सर्वांत भयंकर! पान उघडून मालक आत शिरतो, तर चोरालाही तीच वाट. गंमत अशी, की २०११ मध्ये अलेग्राने ती फट बुजवणारा तुकडाही दिला. ॲपलची दुरुस्ती येईपर्यंत कुलूप फोडणारेच या बाबतीत जास्त सुरक्षित होते.

दुसरा प्रकार ‘टेदर्ड’, म्हणजे दाव्याला बांधलेला. बॅटरी संपून फोन बंद पडला, की संगणकाला जोडल्याशिवाय तो उठायचाच नाही. प्रवासात केवढी पंचाईत! फेब्रुवारी २०१३ मधल्या ‘इव्हेजन’ने हे दावे सोडवले, फोन कितीदाही बंद करा, जेलब्रेक टिके. पण त्यामागचे दोष सॉफ्टवेअरमधले, त्यामुळे ॲपलने पुढच्याच महिन्यात ते बुजवले.

२०१९ मध्ये सापडलेला ‘चेकमेट’ दोष मात्र थेट चिपमधल्या त्या पहिल्या पहारेकऱ्याचाच. आयफोन ४ एसपासून आयफोन टेनपर्यंतच्या फोनांत तो आहे, आणि कोरीव असल्याने कोणत्याही अपडेटने जात नाही. त्यावरचा जेलब्रेक फोन बंद होताच उतरतो आणि तो करायला केबल लागतेच. मला हा त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण फोन हाती असल्याशिवाय काही करता येत नाही.

अमेरिकेत २०१० पासून फोनचे जेलब्रेक कायद्याला मान्य आहे. पण कुलूप काढल्यावर राखण आपलीच. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात जेलब्रेक केलेल्या अनेक फोनांच्या पडद्यावर अचानक गायक रिक ॲस्ली अवतरला! लोकांनी दुरून फोनमध्ये शिरण्याचा प्रोग्रॅम घातला होता, पण सर्व आयफोनांचा एकच असलेला ‘अल्पाइन’ हा पासवर्ड बदलला नव्हता.

भाच्याचा तो फोन आमच्या कपाटात अजून आहे. त्याने पासवर्ड बदलला होता का, हे विचारायचे राहूनच गेले.