विमानाच्या पंख्याची पिच

बारामतीच्या आसपास ज्यांचीं शेतें आहेत, त्यांच्या डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांचीं लहान विमानें नेहमीं घिरट्या घालतात. विमानाच्या नाकाशीं फिरणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हा घरांतील वाऱ्याच्या पंख्याचा थोरला भाऊ असावा असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्याचें नातें मळसूत्राशीं अधिक जवळचें आहे. आणि त्याची निवड करण्यांत जी अडचण येते, ती नांगर धरणाऱ्यास जितकी लवकर समजेल तितकी शहरवासीयास समजणार नाहीं. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मळसूत्र लांकडांत एक फेरा फिरविलें म्हणजे तें एक आटा पुढें सरकतें. हवा लांकडासारखी घट्ट असती, तर पंखा एका फेऱ्यांत जितका पुढें सरकला असता, त्या अंतरास पिच म्हणतात. पंख्यावर ७२ व ४२ असे आंकडे असले, तर व्यास ७२ इंच व पिच ४२ इंच समजावी. पायपर कंपनीचें कब नांवाचें जुनें हलकें विमान आहे. त्याचें ६५ अश्वशक्तीचें एंजिन मिनिटास २३०० फेरे करतें. आमची हयात त्रैराशिकांत गेली असल्यामुळें हा हिशेब करून पाहिल्यावांचून आम्हांस राहवलें नाहीं : ४२ इंचांस २३०० नीं गुणिलें असतां ताशीं सुमारें ९१ मैल येतात. प्रत्यक्षांत, फेरे थोडे कमी ठेवून, तें विमान ताशीं ७५ मैलांच्या आसपास चालतें. हवा घट्ट नाहीं, ती निसटते. आणि ही निसट मुळींच नसेल तर पंख्यास ओढही राहणार नाहीं.

आतां नांगराकडे वळूं. फाळ खोल लावला तर तास चांगलें निघतें, पण बैल अडतात. उथळ लावला तर बैल झपझप चालतात, पण काम थोडें होतें. पंख्याचेंही असेंच आहे. कमी पिचचा पंखा हवेचा लहान घांस घेतो, त्यामुळें विमान उभें असतांनाच एंजिन पुरे फेरे करूं लागतें व पुरी शक्ति देतें. अशा पंख्यानें विमान लवकर जमीन सोडतें व चांगलें चढतें. पण सरळ उड्डाणांत वेग वाढला कीं फेरे मर्यादेबाहेर जाऊं पाहतात व वैमानिकास एंजिन आवरून धरावें लागतें. जास्त पिचचा पंखा दूरच्या प्रवासास उत्तम. मात्र आरंभीं तो एंजिनास दाबून धरतो. फेरे पुरे होत नाहींत आणि शक्ति असूनही हातीं येत नाहीं.

हा भेद केवळ सोयीचा नव्हे. मैदान आंखूड, गवत वाढलेलें, दोन माणसें बसलेलीं, वैशाखांतील दुपार (तापलेली हवा विरळ असते, हें ध्यानांत असावें) आणि टोंकाला झाडांची रांग असेल, तर प्रवासी पिचचा पंखा जिवावर बेततो. आमचें मत विचाराल तर, ज्यास लहान मैदानावरून उडावयाचें आहे त्यानें वेगाचे पांचदहा मैल खुशाल सोडावे व चढणीचा पंखा घ्यावा.

दोन्ही गुण एकाच पंख्यांत आणण्याची खटपट फार जुनी आहे. १९३४ सालीं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्नपर्यंत विमानांची शर्यत झाली. अलाहाबाद हा तींतील एक सक्तीचा मुक्काम होता. शर्यत जिंकणाऱ्या डी हॅविलंड कॉमेट विमानाच्या पंख्यांत जमिनीवर चक्क सायकलच्या पंपानें हवा भरून पातीं कमी पिचवर आणीत. उड्डाणानंतर वेग वाढला कीं पुढील तबकडीवर वाऱ्याचा दाब पडे, झडप उघडून हवा निघून जाई व पातीं जास्त पिचवर जात. मग उतरेपर्यंत तीं मागें आणतां येत नसत. पुढें उड्डाणांतच हवी तशी पिच बदलणारे पंखे निघाले. पण ते जड व महाग असल्यानें हलक्या विमानांत अजूनही पुष्कळदां कायम पिचचा, अथवा जमिनीवर उभें असतां पातीं वळवून बांधावयाचा पंखाच असतो.

हा दुसरा प्रकार बांधण्याची रीत अशी. प्रथम एंजिनाचे सर्व खटके बंद करावे. तापलेलें एंजिन नुसत्या हातानें पंखा फिरविल्यानेंही एखादे वेळीं पेटतें, व पात्यासमोरील माणसास पळावयास अवधि मिळत नाहीं. पातें बुडाशीं उभट व टोंकाशीं सपाट असें पिळलेलें असतें, म्हणून कोन मोजण्याची जागा ठरलेली असावी लागते. ती पंख्याच्या कारखान्यानें सांगितलेली असते. तेथें खूण करून प्रत्येक पातें आळीपाळीनें एकाच स्थितींत आणावें व कोनमापक लावावा. सर्व पात्यांचा कोन सारखा आला पाहिजे. एक जरी वेगळें राहिलें तरी सबंध विमान थरथरतें. नंतर बोल्ट ठरीव जोरानेंच, मोजणीच्या पान्यानें आंवळावे. अंदाजाचा हात येथें कामाचा नाहीं.

मग विमान पक्कें बांधून एंजिन पुरें सोडावें व फेरे पाहावे. ते फार कमी भरले तर पिच जास्त झाली, फार चढले तर कमी झाली. एका अंशानें फेरे शेंकड्यांनीं बदलतात, म्हणून दुरुस्ती अर्ध्या अंशानें करावी. खरी परीक्षा सरळ उड्डाणांत होते. रोटॅक्स ९१२ जातीच्या एंजिनास मिनिटास ५८०० फेऱ्यांची मर्यादा आहे, तीही पांचच मिनिटें. सतत चालविण्याची मर्यादा ५५०० आहे. पुऱ्या शक्तीनें सरळ उडतांना फेरे या दोन आंकड्यांच्या मध्यें स्थिरावले म्हणजे पिच जुळली.

सरकारी प्रमाणपत्र असलेल्या विमानास कोणता पंखा चालतो, हें त्याच्या कागदांतच लिहिलेलें असतें. मालकास तो आपल्या मर्जीनें बदलतां येत नाहीं. आणि रीतसर बदलल्यावरही फेरफाराच्या नोंदीप्रमाणें तारीख व सहीनिशीं विमानाच्या वहींत लिहावें लागतें. बांधणीनंतर थोड्या तासांच्या उड्डाणानें बोल्ट पुन्हां तपासावे. लांकडी पंख्याचे तर पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यांतही, कारण लांकूड ओलीनें फुगतें व उन्हानें आक्रसतें.