अकरा गावचं पाणी

इंग्लंडच्या फुटबॉलवेड्यांमध्ये रॉबी कीनवरून एक विनोद वर्षानुवर्षं चालत आला. हा गडी नव्या क्लबात दाखल झाला की पहिल्याच दिवशी सांगणार, लहानपणापासून मी याच क्लबाचा चाहता! विनोद म्हटल्यावर त्यात मीठमसाला आलाच, पण तो उगाच तयार झालेला नव्हता. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं या आयरिश स्ट्रायकरचं झालं. एकवीस वर्षांत अकरा क्लब. इंग्लंड, इटली, स्कॉटलंड, अमेरिका आणि शेवटी कोलकाता. ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ असं आपण एखाद्याला म्हणतो तेव्हा त्यात थोडं कौतुक असतं आणि थोडा संशय. कीनच्या बाबतीत इंग्लिश वर्तमानपत्रांत संशयाचा भाग जरा जास्तच राहिला. त्याच्या अकरा गावांपलीकडचं बारावं गाव त्यांनी फारसं हिशेबात धरलं नाही, ते म्हणजे त्याचं स्वतःचं.

8 जुलै 1980 चा जन्म, डब्लिनच्या नैर्ऋत्येला टाला नावाच्या उपनगरातला. क्रमलिन युनायटेडच्या पोरांच्या संघात खेळता खेळता तो इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला, म्हणजे वुल्व्ह्जला, गेला. आयर्लंडमधल्या हुशार पोरांची ही नेहमीची वाट. पंधरा-सोळाव्या वर्षी समुद्र ओलांडायचा, बहुतेकांनी दोन-तीन वर्षांत परत यायचं. कीन परत आला नाही. 9 ऑगस्ट 1997 रोजी नॉर्विचच्या मैदानावर तो वुल्व्ह्जच्या मुख्य संघातून पहिल्यांदा उतरला. वय सतरा. वुल्व्ह्जने 2-0 असा सामना जिंकला, दोन्ही गोल त्याचे.

वुल्व्ह्ज तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता, त्यामुळे वरच्यांची नजर पडणं ओघानं आलं. ऑगस्ट 1999 मध्ये कोव्हेन्ट्रीने 60 लाख पौंड मोजले. ब्रिटनमध्ये विशीच्या आतल्या खेळाडूसाठी एवढी रक्कम तोवर कोणी दिली नव्हती. कोव्हेन्ट्रीच्या घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्यात त्याने डर्बीविरुद्ध पुन्हा दोन गोल केले. वर्षभरात इटलीतून निरोप आला. इंटर मिलान, 1 कोटी 30 लाख पौंड, प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी. विसाव्या वर्षी यापेक्षा मोठं काय हवं?

पण लिप्पींची नोकरी मोसमातल्या पहिल्याच लीग सामन्यानंतर गेली. रेज्जिनासारख्या लहान क्लबाकडून हार झाली आणि मालकांनी त्यांना घरी बसवलं. त्यांच्या जागी मार्को तार्देल्ली आले. 1982 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करून मैदानभर ओरडत धावलेले, तेच. तार्देल्लींच्या आखणीत या आयरिश पोराला जागा नव्हती. डिसेंबर 2000 मध्ये इंटरने त्याला लीड्सकडे उसना दिला आणि सहा महिन्यांत विकूनही टाकला. ज्याने मागवलं तोच जागेवर राहिला नाही, अशी ही बदली. सरकारी खात्यात नोकरी केलेल्यांना त्यातला त्रास वेगळा सांगायला नको.

या गोष्टीला पुढे एक गमतीदार शेपूट फुटलं. 2008 मध्ये इटलीचेच जियोव्हान्नी त्रापात्तोनी आयर्लंडचे प्रशिक्षक झाले आणि सोबत मदतनीस म्हणून तार्देल्लींना घेऊन आले. त्या संघाचा कर्णधार होता रॉबी कीन! ज्यांनी मिलानमधून गाशा गुंडाळायला लावला त्यांच्याबरोबर त्याने पाच वर्षं राष्ट्रीय संघात काम केलं.

लीड्सची कथा कर्जाची आहे. क्लबाने ऐपतीपलीकडे खर्च केला होता, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली होती, आणि पुढच्या वर्षी ती स्पर्धा हुकल्यावर सावकार दारात उभे राहिले. 1 कोटी 20 लाखांना घेतलेला कीन ऑगस्ट 2002 मध्ये 70 लाखांना टॉटनहॅमला गेला. या सौद्यात लीड्स बुडालं, कीन मात्र तरला. टॉटनहॅममध्ये त्याला पहिल्यांदा घर मिळालं म्हणायला हरकत नाही. सहा मोसम तो तिथे सलग टिकला. उंची पाच फूट नऊ इंच, वेग बेताचा, पण दोन बचावपटूंच्या मधली हातभर जागा त्याला आधी दिसायची. तो अगदी पुढे ठाण मांडणारा स्ट्रायकर नव्हता. थोडा मागे राहून, पाठ गोलकडे ठेवून चेंडू घ्यायचा आणि वळता वळताच पुढची चाल ठरवायची, अशी त्याची रीत. म्हणूनच उंचापुरा, आळसावल्यासारखा खेळणारा बल्गेरियाचा दिमितार बर्बाटोव्ह शेजारी आला तेव्हा दोघांचं गूळपीठ जमलं. 2007-08 च्या मोसमात दोघांनीही सर्व स्पर्धांत मिळून प्रत्येकी 23 गोल केले. 24 फेब्रुवारी 2008 रोजी वेम्ब्लीवर चेल्सीला 2-1 असं हरवून टॉटनहॅमने लीग कप जिंकला. इंग्लंडमध्ये कीनने जिंकलेला हा एकमेव चषक.

आणि त्यानंतर पाचच महिन्यांत तो लिव्हरपूलला गेला. लहानपणापासूनचा चाहता, हे वाक्य या वेळी खरं होतं. किंमत 1 कोटी 90 लाख पौंड, वरच्या अटी वेगळ्या. पण प्रशिक्षक राफाएल बेनितेझ यांच्या मांडणीत पुढे फर्नांडो टोरेस, त्याच्या मागे स्टीव्हन जेरार्ड. मग तिसऱ्याने उभं राहायचं कुठे? कीनला कधी डाव्या बाजूला ढकललं, कधी बाकावर बसवलं. डिसेंबरमध्ये आर्सेनलविरुद्ध आणि नंतर बोल्टनविरुद्ध गोल करूनही जागा पक्की झाली नाही. 28 सामने, 7 गोल. 2 फेब्रुवारी 2009 रोजी, जानेवारीच्या बाजारातल्या शेवटच्या दिवशी, तो टॉटनहॅमला परतला. या वेळी भाव 1 कोटी 20 लाख. दोष कोणाचा यावर तिथले चाहते अजून भांडतात. मला विचाराल तर बेनितेझना हा खेळाडू मुळात नकोच होता, आणि नको असलेली वस्तू कोणी नीट वापरत नाही.

या सगळ्या खरेदी-विक्रीची बेरीज केली तर रक्कम 7 कोटी पौंडांच्या घरात जाते. एका माणसावर सहा वेळा एवढे पैसे लावले गेले, आणि तरी ‘हा नक्की कोणत्या दर्जाचा?’ हा प्रश्न सुटला नाही. प्रीमियर लीगमध्ये त्याचे 126 गोल आहेत. पण मोठ्या क्लबात तो टिकला नाही, हा शिक्का बसला तो बसलाच.

आता बाराव्या गावाकडे येऊ, कारण खरी मिळकत तिथली आहे.

1998 मध्ये सायप्रसला आयर्लंडच्या अठरा वर्षांखालील संघाने जर्मनीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून युरोपचं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक ब्रायन केर, संघात कीन. त्याच वर्षी मार्चमध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स शहरात तो मोठ्यांच्या संघातून पहिला सामना खेळला होता. 2004 च्या ऑक्टोबरात फेरो बेटांविरुद्ध दोन गोल करून त्याने नायल क्विनचा 21 गोलांचा राष्ट्रीय विक्रम मोडला तेव्हा तो फक्त 24 वर्षांचा होता. मुख्य प्रशिक्षक तेच ब्रायन केर.

पण त्याची आठवण निघते ती 2002 च्या जपान-कोरियातल्या विश्वचषकाची. स्पर्धा सुरू होण्याआधीच आयरिश संघाचं घर फिरलं होतं. सायपान बेटावरच्या सरावाच्या ढिसाळ व्यवस्थेवरून कर्णधार रॉय कीन आणि प्रशिक्षक मिक मॅकार्थी यांच्यात कडाक्याचं भांडण झालं आणि कर्णधार एकही सामना न खेळता घरी परतला. (दोघा कीनांचं नातं काही नाही, आपल्याकडच्या दोन पाटलांइतकंच.) सारा देश दोन तटांत वाटला गेला. त्या गदारोळात 5 जूनला इबाराकीत जर्मनीशी गाठ पडली. जर्मनीच्या क्लोजाने एकोणिसाव्या मिनिटाला हेडरवर गोल केला आणि पुढे त्यांचा गोलरक्षक ऑलिव्हर कान भिंतीसारखा उभा राहिला. सामना सुरू झाला तेव्हा भारतात संध्याकाळचे पाच वाजले होते. दिवेलागणीपर्यंत जर्मनी पुढेच होता. नव्वद मिनिटं उलटली. बाण्णवाव्या मिनिटाला स्टीव्ह फिनानने मागून लांब चेंडू उचलला, सहा फूट चार इंचांच्या क्विनने तो डोक्याने खाली पाडला, कीनने पुढे घेतला आणि दोन बचावपटू अंगावर येत असतानाच मारला. कानच्या अंगाला लागून, मग खांबाला लागून चेंडू आत गेला.

मग त्याचा तो नेहमीचा सोहळा. हातांवर एक चक्राकार उडी, जमिनीवर कोलांटी, आणि उठता उठता पिस्तूल झाडल्याचा आव. पुढे चाळिशीकडे झुकला तरी त्याने हा पोरकटपणा सोडला नाही आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. मला तो आवडायचा. गोल करणाऱ्याने आनंद लपवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी बुद्धिबळ पाहावं.

त्या बरोबरीची किंमत स्पर्धा संपता संपता कळली. अंतिम सामन्यापर्यंत जर्मनीने एकच गोल खाल्ला होता, तो हाच. म्हणजे अख्ख्या विश्वचषकात कानला दोघांनीच चकवलं. एक ब्राझीलचा रोनाल्डो, दुसरा टालाचा रॉबी कीन. पुढे सौदी अरेबियाविरुद्धही त्याने गोल केला. सुवोनला स्पेनविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला दबावाखाली पेनल्टी मारून बरोबरी साधली. शूटआउटमध्येही आपला फटका आत घातला, पण तीन सहकारी चुकले आणि आयर्लंड बाहेर पडलं.

त्यानंतर विश्वचषक त्याच्या वाट्याला पुन्हा आला नाही. सर्वांत जवळ गेला तो 18 नोव्हेंबर 2009 रोजी, पॅरिसमध्ये. दोन सामन्यांच्या पात्रता लढतीतला डब्लिनमधला पहिला सामना फ्रान्सने 1-0 असा जिंकला होता. पॅरिसला सहकारी डफच्या पासवर तेहतिसाव्या मिनिटाला कर्णधार कीनने गोल केला आणि हिशेब बरोबर झाला. उत्तरार्धात त्याने गोलरक्षक लोरिसलाही चकवलं, पण चेंडू जरा लांब पडला आणि रेषेबाहेर गेला. जादा वेळेत फ्रान्सच्या थिएरी आंरीने हाताने चेंडू अडवून गॅलासकडे ढकलला, गॅलासने गोल केला, आणि पंचांना हात दिसला नाही. बाकी सगळं जगाने पाहिलं आहे. आंरीच्या हाताबद्दल आयर्लंडमध्ये अजून बोलतात. लोरिसला चकवल्यानंतरच्या त्या अर्ध्या सेकंदाबद्दल क्वचितच, पण कीनला तो नक्की आठवत असणार.

2012 च्या युरो स्पर्धेत संघ पोहोचला तो टालिनला एस्टोनियावर 4-0 अशा विजयाने, त्यात कीनचे दोन गोल. मुख्य स्पर्धेत तिन्ही सामन्यांत पराभव. 2016 च्या युरोमध्ये तो बदली खेळाडू होता. 31 ऑगस्ट 2016 रोजी डब्लिनमध्ये ओमानविरुद्ध निरोपाचा सामना झाला, त्यातही व्हॉलीवर गोल. एकूण 146 सामने, 68 गोल.

या आकड्याला नाकं मुरडणारे आहेत. त्यांचं म्हणणं, सॅन मरिनो, माल्टा, फेरो बेटं, जिब्राल्टर यांच्यावर झोडलेले गोल मोजून काय उपयोग? 2014 मध्ये जिब्राल्टरविरुद्ध पहिल्या अठरा मिनिटांत हॅट्ट्रिक केली, हे खरं. गेर्ड म्युलरचेही 68 गोल आहेत आणि त्याला सामने लागले 62, हेही खरं. तो म्युलर नव्हता. पण लहान संघांविरुद्ध तेच सामने क्विन, स्टेपल्टन आणि बाकीचे आयरिश स्ट्रायकरही खेळले, त्यांना तेवढे गोल जमले नाहीत. शिवाय अठरा वर्षं, क्लबात बाकावर असो की लिव्हरपूलमध्ये डाव्या कोपऱ्यात, बोलावणं आलं की हा हजर. हिरव्या सदऱ्यातल्या दहा नंबरला बदली माहीत नव्हती.

मधल्या काळात सेल्टिकला 19 सामन्यांत 16 गोल, वेस्ट हॅमला फारसं काही नाही, आणि मग 2011 मध्ये लॉस एंजलिस गॅलेक्सी. अमेरिकेत म्हातारे खेळाडू पेन्शनीला जातात असं म्हणायची तेव्हा रीत होती. कीनने तिथे 104 गोल केले आणि 2011, 2012 आणि 2014 असे तीन वेळा लीग चषक जिंकले. 2014 च्या अंतिम सामन्यात जादा वेळेतला विजयी गोल त्याचा, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

शेवटचं गाव आपल्या देशातलं. 2017 मध्ये टॉटनहॅममधला जुना जोडीदार टेडी शेरिंगहॅम कोलकात्याच्या एटीके संघाचा प्रशिक्षक होता, त्याने हाक मारली आणि सदतीस वर्षांचा कीन आला. दुखापतीमुळे उशिरा उतरला. एटीके गतविजेता होता, पण त्या मोसमात सगळंच बिघडलं. पुण्यात बालेवाडीला 3-0, मडगावात फातोर्ड्याला 5-1 अशी धूळधाण. शेरिंगहॅमला जानेवारीतच काढलं होतं, मार्चच्या सुरुवातीला कीनलाच खेळाडू-प्रशिक्षक केलं. दहा संघांत एटीके नववा आला. नोव्हेंबर 2018 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढे प्रशिक्षक म्हणून आधी मकाबी तेल अवीव्ह आणि नंतर हंगेरीच्या फेरेन्सव्हारोशला लीग जिंकून दिली. बिऱ्हाड अजून पाठीवरच आहे.

आयर्लंडच्या गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याच्या 68 नंतर दुसऱ्या जागेवर आजही नायल क्विनचंच नाव आहे, 21 गोलांसह.