काडतुसांची किल्ली कोणाच्या कनवटीला?



आपल्या सातारा-सांगलीकडे बंदूक ही काही अपूर्वाईची वस्तू नाही. पाटण-जावळीच्या डोंगरकपारीत आणि शिराळ्याच्या चांदोली भागात रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे रान लोळवून जातो. तिथे पीकराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारी घरे आहेत. अपशिंग्यासारखी लष्करी गावे ज्या मुलखात आहेत, तिथे पलटणीतून निवृत्त होऊन राखणीची नोकरी धरलेल्या जवानाच्या घरी बाराबोरची दुनळी असते. काही घरांत ती आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली असते.

अशा घरी जाऊन बंदूक कुठे आहे असे विचारा. पोरेसोरेसुद्धा बोट दाखवतील. पण काडतुसे किती आहेत आणि कुठे आहेत, असे विचारा. घरधनी डोके खाजवतो. “असतील पाच-पंचवीस, माळ्यावरच्या ट्रंकेत,” म्हणतो. आजचा हा लेख त्या ट्रंकेसाठी आहे.

आजीचा प्रश्न

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दिवाळीच्या सुट्टीत चुलत्यांच्या घरी होतो. बंदूक कपाटात कुलपात होती. पण कोनाड्यात सुतळीच्या गुंड्यामागे आम्हा पोरांना एक काडतूस सापडले. आम्हाला वाटले, फटाकाच. चुलतभावाने ते जात्यावर ठेवले आणि खलबत्त्यातला बत्ता उचलला. तेवढ्यात आजी आत आली आणि तिने त्याचे मनगट धरले. ती ओरडली नाही, मारले नाही. काडतूस पदराच्या गाठीला बांधून, चुलते रानातून येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. ते आल्यावर एवढेच म्हणाली, “बंदुकीला कुलूप घातलंस, मग हे कुणासाठी मोकळं ठेवलंस?”

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या चुलत्यांपाशी नव्हते. तुमच्यापाशी आहे का?

काडतूस म्हणजे काय

काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक लहानशी टोपी असते. तिच्यावर घोड्याचा ठोसा बसला की ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि पुढचे छर्रे सुटतात. त्या टोपीला बंदुकीचा घोडा आणि पोराच्या हातातला बत्ता यांतला फरक कळत नाही. बंदुकीबाहेर फुटलेल्या काडतुसाचे छर्रे नळीतून सुटल्यासारखे लांब जात नाहीत, हे खरे; पण कवचाचा नाहीतर टोपीचा तुकडा जवळ असणाऱ्याचा डोळा घेऊन जाऊ शकतो.

दोन कुलपे, दोन किल्ल्या

पहिला नियम असा, की बंदूक घरात कधीही भरलेली ठेवायची नाही. दुसरा नियम, बंदूक आणि काडतुसे एका कुलपाखाली ठेवायची नाहीत. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसे वेगळ्या जाड पत्र्याच्या पेटीत. दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्या कनवटीला असाव्यात. देव्हाऱ्यामागे, उतरंडीत किंवा खुंटीवर नकोत. कारण आपण कुठे काय लपवतो ते पोरांना आपल्याआधी ठाऊक असते. रागाच्या भरात माणूस काय करील याचाही नेम नसतो. दोन कुलपे उघडायला लागणारा वेळ कधी कधी एक जीव वाचवतो.

पेटी ठेवण्याची जागा कोरडी, थंड आणि एका ठिकाणी कायमची ठरलेली असावी. चूल, गॅसची शेगडी, रॉकेल, खत, कीटकनाशके आणि कडब्याची गंज यांच्याजवळ ती ठेवू नये. माण-जतकडे उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा तव्यासारखा तापतो. तिथे काडतुसे ठेवली तर दारूचा गुण बिघडतो. घराला दुर्दैवाने आग लागलीच, तर विझवायला येणाऱ्यांना पेटी कुठे आहे ते आधी सांगा.

पावसाळा आणि पूर

पाटण-महाबळेश्वरच्या पावसात मीठ जसे पाणावते तशी काडतुसेही ओल धरतात. कागदी कवच फुगून नळीत अडकते, पितळी बुडाला हिरवट कळंक चढतो. म्हणून पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी पाटावर ठेवा. काडतुसे मूळ खोक्यातच राहू द्या. त्यावर बोराचे माप, लांबी आणि छऱ्याचा नंबर छापलेला असतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या खोक्यावरही तो मजकूर वाचता येईल. ६५ मिलिमीटरच्या घराची जुनी बंदूक असेल तर तिच्यात ७० मिलिमीटरचे काडतूस घालू नये. विसाबोरचे काडतूस चुकून बाराबोरात घातले तर ते पुढे सरकून नळीत अडकते, आणि मागून दुसरे भरून बार काढला की नळी फुटते. म्हणून सुटी काडतुसे डब्यात एकत्र करणे म्हणजे विषाची परीक्षा पाहणे.

काडतुसांना तेल लावू नका; ते झिरपून टोपी निकामी करते. ओली झालेली काडतुसे उन्हात किंवा चुलीपाशी वाळवू नका. २००५ आणि २०१९ साली कृष्णा-वारणेच्या पुराने सांगलीकडची घरेच्या घरे पाण्याखाली गेली. पुरात भिजलेले काडतूस वरून सुकले तरी त्याचा भरवसा धरू नये. ते विहिरीत टाकू नये, पुरू नये, जाळू नये. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवून, ते सांगतील तसे त्यांच्या स्वाधीन करावे.

ठासणीची बंदूक असणाऱ्यांनी तर दुप्पट जपावे. काळी दारू एका ठिणगीने भडकते. ती थोडीच आणावी, मूळ डब्यात ठेवावी. टोप्या दारूपासून अलग, दुसऱ्या डब्यात. दारू हाताळताना विडी, कंदील, काडेपेटी जवळ नको.

खंडेनवमीला

नवरात्रात खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो. त्या दिवशी बंदूक कपाटाबाहेर येते, घर पाहुण्यांनी भरलेले असते, समई तेवत असते, उदबत्तीचा निखारा गळत असतो. तेव्हा बंदूक रिकामी आहे हे घरधन्याने नळी उघडून स्वतः पाहावे आणि मगच ती पाटावर ठेवावी. काडतुसे पूजेत मांडू नयेत. हळदकुंकवाचा ओला हात नळीला लागला असेल तर संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून ती परत कुलपात घालावी. लग्नावरातीत हौसेने बार काढणे तर कायद्यालाही मान्य नाही आणि शहाणपणालाही.

एक वही करा

कणगीतल्या धान्याचा हिशेब जशी घरची बाई ठेवते, तसा काडतुसांचा हिशेब घरधन्याने ठेवावा. एक छोटी वही करावी. आणली कधी, किती, वापरली किती, शिल्लक किती, एवढे चार रकाने पुरेत. जुना माल आधी वापरावा. परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त जवळ असू नये. शेजाऱ्याला “दोन काडतुसे उसनी” देणे हा साखरेच्या वाटीचा व्यवहार नव्हे. तो गुन्हा आहे.

परवान्याची तारीखही त्याच वहीत लिहा. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगण्याची मर्यादा आली. मुदत संपली की बंदुकीबरोबर काडतुसेही बेकायदा ठरतात.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत चुकते. परवानाधारक वारला की दहावे-तेरावे होते, सात-बाराची नोंद होते. पण बंदूक आणि काडतुसे तशीच पडून राहतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवीत. परवान्यासाठी अर्ज नंतर करता येतो. बापाची आठवण म्हणून ट्रंकेत ठेवलेल्या काडतुसांनी मुलाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये.

परवाना म्हणजे शिकार नव्हे

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुकरावरही गोळी झाडता येत नाही, आणि गव्याला तर सर्वांत कडक संरक्षण आहे. नुकसान झाले तर लगेच वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या; भरपाईची तरतूद आहे. बांधावर गावठी बॉम्ब पेरण्याच्या वाटेला तर जाऊच नका. तो डुकराची वाट पाहत नाही. चरायला आलेली गायही त्याला चालते आणि सरपणाला गेलेले लेकरूही.

बंधूंनो, आज रात्री जेवणे झाल्यावर ट्रंक खाली काढा. काडतुसे मोजा, पुसा, वहीत लिहा आणि स्वतंत्र पेटीत घालून कुलूप लावा. आणि भगिनींनो, घरधनी टाळाटाळ करू लागला, तर आमच्या आजीचा प्रश्न त्याला विचारा. उत्तर मिळेपर्यंत उंबरा सोडू नका.