त्वचेवरील जंतुसंसर्ग : खपली धरण्यापूर्वीचे दहा दिवस

पावसाळा सुरू झाला की ग्रामीण भागातील लहान मुलांच्या गुडघ्यांवर, पोटऱ्यांवर आणि नाकाच्या कडांना पिवळसर खपलीचे फोड दिसू लागतात. डासांचे चावे, चिखलातील खरचटणे, अंगावर वाळणारे ओले कपडे अशी निमित्ते त्या दिवसांत पुष्कळ असतात. घरातील वडीलधारी माणसे ‘अंगातली उष्णता बाहेर पडते आहे’ असे म्हणून खोबरेल तेल लावतात आणि बहुतेक वेळा फोड वाळतातही. त्यामुळे या आजाराकडे आजार म्हणून पाहण्याची सवय समाजाला लागलेली नाही. वैद्यकशास्त्रात त्याला ‘इंपेटिगो’ असे नाव आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार कोणत्याही एका वेळी सुमारे १६ कोटी २० लाख मुलांच्या अंगावर हे फोड असतात. एवढ्या मोठ्या संख्येच्या आजाराविषयी इतके थोडे बोलले जावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

हे फोड उष्णतेमुळे नव्हे, तर जंतूंमुळे होतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच स्पष्ट झाली होती. १८७४ साली बिलरोथ यांनी साखळीसारखे दिसणारे गोल जंतू पाहून त्यांना ‘स्ट्रेप्टोकॉकस’ हे नाव दिले. १८८० साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांना गळवांच्या पुवात द्राक्षाच्या घडासारखे जंतू आढळले, तेच ‘स्टॅफिलोकॉकस’. त्वचेवरील बहुतेक पुवाळलेल्या फोडांमागे या दोघांपैकी एक किंवा दोन्ही असतात. परंतु हे जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे नेमके कोणत्या वाटेने जातात, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

रेड लेक येथील पाहणी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात उत्तरेकडे रेड लेक हे ओजिब्वे या मूळ रहिवासी जमातीचे राखीव क्षेत्र आहे. तेथे १९५३ साली मुलांमध्ये मूत्रपिंडदाहाची साथ आली आणि १९६६ साली ती पुन्हा उद्‌भवली. या मुलांच्या त्वचेवर फोड येऊन गेले होते, हे लक्षात आल्यामुळे मिनेसोटा विद्यापीठातील डॉ. लुईस वॉनामेकर व त्यांचे सहकारी तेथे अभ्यासाला गेले. १९६९ साली जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांनी सहा कुटुंबांतील ३७ मुलांची वारंवार तपासणी केली. या तपासणीचे वैशिष्ट्य असे की, केवळ फोडांतील पू न घेता, नाक, घसा आणि जेथे काहीही झालेले नाही अशी निरोगी त्वचा, यांवरूनही कापसाच्या बोळ्याने नमुने घेण्यात आले. आजारी नसलेल्या जागेची तपासणी करणे हे वरवर पाहता अनाठायी वाटेल. पण या पाहणीचे सारे फलित त्यातूनच निघाले.

स्ट्रेप्टोकॉकसचे जंतू प्रथम निरोगी त्वचेवर येऊन बसत. तेथे ते सरासरी सुमारे दहा दिवस काहीही उपद्रव न देता राहत. त्यानंतर फोड उठत आणि नाकात व घशात हे जंतू सापडत ते त्याहूनही उशिरा. म्हणजे, हा जंतू घशातून खोकल्यावाटे त्वचेवर पडत असावा, ही समजूत येथे तरी लागू पडत नव्हती. स्टॅफिलोकॉकसचा क्रम मात्र याच्या उलट आढळला. तो आधी नाकात, मग निरोगी त्वचेवर आणि शेवटी फोडात येत असे. नाकात घातलेले बोट जखमेला लावण्याची मुलांची सवय येथे आठवल्यावाचून राहत नाही.

निरोगी, अखंड त्वचा जंतूंना सहजासहजी आत शिरू देत नाही. तिच्यावरील स्निग्धाम्ले जंतूंना मारक असतात. दहा दिवस दाराशी थांबलेल्या जंतूला वाट मिळते ती डासाच्या चाव्यामुळे, खरचटल्यामुळे किंवा खाजवणाऱ्या नखामुळे. एका भावंडाला फोड आला असेल, तेव्हा त्याच अंथरुणावर झोपणाऱ्या दुसऱ्याच्या अंगावर जंतू आधीच पोहोचलेले असण्याची शक्यता असते, हा रेड लेक येथील पाहणीचा व्यवहारातील अर्थ होय.

मूत्रपिंडाचा धोका

फोड स्वतः फारसा घातक नसतो. त्याच्यामागून जे येऊ शकते ते घातक. स्ट्रेप्टोकॉकसच्या काही विशिष्ट जातींच्या संसर्गानंतर साधारणपणे तीन आठवड्यांनी शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या प्रतिक्रियेतून मूत्रपिंडाला दाह होतो. रेड लेक येथील साथीशी निगडित असलेली जात ‘४९ क्रमांकाची’ म्हणून ओळखली जाते. बहुतेक मुले या दुखण्यातून पूर्णपणे बरी होतात, परंतु तीव्र अवस्थेत रक्तदाब वाढून जिवावर बेतू शकते. वॉनामेकर यांनी १९७० साली असे मांडले की, घशातील संसर्गामागून हृदयाला इजा करणारा संधिवाताचा ज्वर येतो आणि त्वचेच्या संसर्गामागून मूत्रपिंडदाह. उत्तर ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांमध्ये घशाचे संसर्ग कमी आणि त्वचेचे अधिक असूनही हृदयविकार मोठ्या प्रमाणावर आढळल्याने, हा भेद आता पूर्वीइतका काटेकोर मानला जात नाही.

येथे एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. पेनिसिलिनने फोड बरा होतो आणि जंतूचा फैलाव थांबतो. पण ज्याला संसर्ग होऊन गेला आहे त्याचे मूत्रपिंड औषधाने वाचेलच, अशी खात्री देता येत नाही. उपचाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व प्रतिबंधाला येते ते यामुळे.

खरूज आणि साबण

नखांना सर्वाधिक काम देणारा आजार म्हणजे खरूज. १९७१ साली त्रिनिदाद बेटावर खरजेची साथ पसरली, तिच्या पाठोपाठ पुवाळलेले फोड आले आणि त्यांच्यामागून मूत्रपिंडदाह. याच साखळीची पहिली कडी तोडली तर काय होते, याची परीक्षा फिजीतील बेटांवर घेण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एका भागातील सर्व रहिवाशांना, खरूज असो वा नसो, आयव्हरमेक्टिन हे औषध देण्याचे ठरले. ज्यांना ते देता येत नव्हते त्यांच्यासाठी लावण्याचे मलम होते. वर्षभरात तेथील खरजेचे प्रमाण ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. जंतूंवर कोणतेही औषध दिलेले नसताना पुवाळलेल्या फोडांचे प्रमाणही २४.६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर उतरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला.

याहून स्वस्त उपाय कराचीतील झोपडवस्त्यांत तपासला गेला. तेथील कुटुंबांना साबण पुरवून हात धुण्याविषयी नियमितपणे समजावून सांगण्यात आले. २००५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या घरांतील पंधरा वर्षांखालील मुलांत इंपेटिगोचे प्रमाण इतर घरांच्या तुलनेत ३४ टक्क्यांनी कमी होते. काही घरांना जंतुनाशक द्रव्य घातलेला साबण आणि काहींना साधा साबण दिला होता. दोहोंच्या परिणामात फरक आढळला नाही. महागड्या वेष्टनांवरील जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवण्यास हरकत नाही. मात्र साबणाला पाणी लागते, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला केवळ स्वच्छतेचा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल.

महाराष्ट्रातील आश्रमशाळा, वसतिगृहे, ऊसतोड कामगारांच्या कोप्या, दाटीवाटीच्या वस्त्या येथे अनेक मुले एका पांघरुणात झोपतात, एकच पंचा वापरतात. तेथे एका मुलाच्या फोडाला मलम लावून काम संपत नाही. खरूज असल्यास घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घ्यावे लागतात आणि अंगावरचे कपडे व अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे लागते. मुलांची नखे कापलेली असावीत, चावा वा ओरखडा साबणाने धुऊन झाकलेला असावा. फोड अधिक असल्यास किंवा ताप आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि दिलेल्या गोळ्यांचा क्रम पुरा करावा. सकाळी उठल्यावर मुलाच्या डोळ्यांभोवती सूज दिसली, लघवी कमी झाली किंवा तिचा रंग चहासारखा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आणि फोड वाळून गेलेले असले, तरी ते तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेले होते, हे त्यांना आवर्जून सांगावे.