डुकरांच्या खाद्यात यीस्ट: घ्यायचं की नाही, कसं ठरवायचं?

डुकरं पाळणाऱ्या गटांकडून आम्हाला एक प्रश्न वारंवार येतो. दारावर यीस्टची पावडर विकायला येते, ‘डुकरं लवकर भरतात’ असं सांगतात, तर ती घ्यावी का? आज त्याबद्दल बोलू.

पाव फुगवायला बेकरीत जे यीस्ट घालतात, त्याच जातीचं हे यीस्ट. ते तीन रूपांत मिळतं. पहिलं जिवंत यीस्ट. ते आतड्यात कायमचं टिकत नाही, म्हणून रोज द्यावं लागतं. दुसरं बिअरच्या कारखान्यातून येणारं सुकं, मेलेलं यीस्ट. त्यात प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं भरपूर असतात. तिसरं म्हणजे यीस्टच्या पेशीचं नुसतं टरफल. काही अपायकारक जंतू आतड्याऐवजी या टरफलाला चिकटतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. पाकिटात यातलं काय आहे ते आधी वाचून घ्या. तिघांचं काम वेगळं आहे.

पिल्लू आईपासून तोडतो तेव्हा त्याचं पोट बिघडतं. यीस्टचा गुण तिथे जास्त दिसतो. पिल्लू वाढीला लागलं, 30 किलोच्या पुढे गेलं, की आतडं पक्कं होतं. मग फायदा थोडा असतो, आणि तोही दरवेळी मिळतोच असं नाही. उन्हाळ्याचा ताण, खाद्यातला बदल अशा वेळी उपयोग होऊ शकतो. पण यीस्ट पेंडीची जागा घेत नाही. बुरशी लागलेला मकाही त्यामुळे चांगला होत नाही.

आता हिशेब करू. डुक्कर 30 किलोवरून 100 किलोवर न्यायचं, तर 70 किलो वजन वाढवायचं. एक किलो वाढीला साधारण 3 किलो खाद्य धरलं, तर 210 किलो खाद्य लागेल. किलोमागे 1 ग्रॅम पावडर म्हणजे 210 ग्रॅम. समजा पावडर 400 रुपये किलो आहे, तर एका डुकरामागे 84 रुपये गेले. समजा खाद्य 30 रुपये किलो आहे, तर जवळजवळ 3 किलो खाद्य वाचलं तरच पैसे निघतात. एवढा फरक नजरेला दिसत नाही. एकाच वेतातल्या दोन पिल्लांतही त्याहून जास्त फरक असतो.

म्हणून आधी तोलून बघा. एका वेताची पिल्लं दोन कप्प्यांत सारखी वाटा. खाद्य, पाणी, जागा सारखी ठेवा. एकाच कप्प्याला यीस्ट द्या. दर पंधरवड्याला वजन आणि संपलेलं खाद्य वहीत लिहा. काटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर मीटरमध्ये मोजून त्याला त्याच आकड्याने गुणा, मग कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि शेवटी 69 ने. घेर 0.9 आणि लांबीही 0.9 असेल, तर वजन साधारण 50 किलो येतं. एका वेतावरून निकाल लावू नका, दोन-तीन वेतं बघा.

जिवंत यीस्ट उष्णतेने मरतं. हॉटेलचं उरलेलं अन्न देत असाल, तर ते तासभर ढवळत नीट उकळा, कारण आफ्रिकन स्वाइन फीवर अशा अन्नातूनही पसरतो. 2020 मध्ये हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा आढळला. त्यावर औषध नाही, लागण झाली तर गोठाच्या गोठा रिकामा होतो. उकळलेलं अन्न हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मगच यीस्ट मिसळा. पाकीट कोरड्या, थंड जागी ठेवा, मुदतीची तारीख बघा.

आजारी जनावराला यीस्ट हा उपाय नाही, पशुवैद्यकांना बोलवा. आणि गटाच्या कर्जातून पाकिटं घ्यायची असतील, तर बैठकीत आधी ही वजनाची वही उघडा.